जाळ्याचे दप्तर : लहान इंटरनेट पुरवठादाराने सॉफ्टवेअर कसे निवडावे?

(द्वितीय वर्ष कला, इतिहास)

इंटरनेट म्हटले की आपल्यासमोर मोबाइलचा पडदा उभा राहतो. त्या पडद्यापर्यंत येणारी तार कोणत्या खांबावरून आली, वाटेत ती कोठे जोडली आहे, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली आणि १९९८ च्या अखेरीस खासगी पुरवठादारांना या क्षेत्रात प्रवेश मिळाला. पुढे केबल टीव्हीच्या तारा ओढणाऱ्या गावोगावच्या व्यावसायिकांपैकी अनेकजण या धंद्यात उतरले. आज तालुक्याच्या गावी घरात येणारे इंटरनेट पुष्कळदा अशाच एखाद्या लहान पुरवठादाराचे असते. गेल्या वर्षापासून मी संध्याकाळी अशा एका कचेरीत तक्रारी लिहून घेण्याचे काम करते. तेथे जे पाहिले व ऐकले, आणि त्यानिमित्ताने जे वाचले व वापरून पाहिले, त्याच्या आधारे प्रस्तुत लेख लिहिला आहे.

कला शाखेच्या विद्यार्थिनीचा या विषयाशी संबंध काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात साहजिकच उभा राहील. त्याचे उत्तर असे की, हा विषय वरवर तंत्राचा दिसत असला तरी मुळात तो दप्तराचा आहे. इतिहासाच्या तासाला आपण साधनांची चिकित्सा शिकतो. नोंद कोणी केली, केव्हा केली, स्वतः पाहून केली की ऐकून केली, हे प्रश्न आपण जुन्या कागदाला विचारतो. तेच प्रश्न इंटरनेटच्या जाळ्याच्या नोंदीलाही विचारावे लागतात. फरक इतकाच की, येथे नोंद चुकली तर त्याच संध्याकाळी कोणाच्या तरी घरचे इंटरनेट बंद राहते.

१. जाळ्याची रचना

लहान पुरवठादार मोठ्या कंपनीकडून घाऊक इंटरनेट विकत घेतो. ते त्याच्या कचेरीतील राउटरवर येते. तेथून ते ‘ओएलटी’ नावाच्या यंत्रात जाते. विजेच्या खुणांचे प्रकाशात रूपांतर करून तो प्रकाश काचेच्या तंतूंतून गावभर सोडणे हे या यंत्राचे काम. ओएलटीच्या एका पोर्टातून निघालेला एकच तंतू बाहेर पडतो आणि वाटेत ‘स्प्लिटर’ या छोट्या वस्तूपाशी त्याला फाटे फुटतात. एकाचे आठ करणारा स्प्लिटर लावला, तर प्रत्येक फाट्याच्या वाट्याला प्रकाशाचा आठवा हिस्सासुद्धा पुरता येत नाही, कारण थोडा प्रकाश वाटेतच वाया जातो. असे एकापुढे एक स्प्लिटर लावून जीपॉन पद्धतीत एका पोर्टावर बहुधा ३२ किंवा ६४ घरे जोडतात. घरात शेवटी जो लहान डबा असतो त्याला लाइनमन ‘ओएनयू’ म्हणतात.

तार वरून काळी दिसते, परंतु तिच्या पोटात अनेक तंतू असतात. त्यांना बोलीत ‘कोर’ म्हणतात. बारा कोरांच्या तारेत निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी आणि आकाशी असा रंगांचा क्रम रूढ आहे. दोन तारा जेथे जोडल्या जातात त्या डब्यात निळा निळ्यालाच जोडलेला असेल अशी खात्री मात्र नसते. घाईच्या दुरुस्तीत एखादा कोर खराब निघाला की लाइनमन शेजारचा रिकामा कोर वापरून मोकळा होतो. काम होते, ग्राहकाची तक्रार मिटते, पण त्या क्षणापासून प्रत्यक्ष जाळे आणि माणसांच्या समजुतीतील जाळे यांत अंतर पडते.

याशिवाय न दिसणारेही एक जाळे असते. प्रत्येक यंत्राला आकडी पत्ता लागतो. जुन्या, म्हणजे चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी आहे. आशिया-प्रशांत विभागात एप्रिल २०११ पासूनच त्यांचे काटकसरीने वाटप सुरू झाले. त्यामुळे लहान पुरवठादाराला २५६ किंवा ५१२ पत्त्यांवर सारा कारभार उरकावा लागतो. अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता द्यावा लागतो आणि आतल्या बाजूस खासगी पत्ते वापरावे लागतात. कोणता गट कोणत्या वस्तीला दिला, कोणता रिकामा आहे, याची नोंद नसेल तर एकच पत्ता दोन यंत्रांना दिला जातो आणि दोन्ही अडतात.

२. नोंद नसली तर काय होते?

समजा, रस्त्याच्या खोदकामात कोठेतरी तार तुटली. तुटीचे अंतर मोजण्यासाठी ‘ओटीडीआर’ नावाचे उपकरण असते. ते तंतूत प्रकाशाची स्पंदने सोडते आणि परत येणाऱ्या क्षीण प्रकाशावरून अंतर काढते. उपकरणाने १,३४० मीटर दाखविले. पण हे अंतर तंतूच्या लांबीचे आहे, रस्त्याचे नव्हे. प्रत्येक जॉइंटपाशी पुढील दुरुस्तीसाठी तारेची काही वेटोळी राखून ठेवलेली असतात. वाटेत तीन जॉइंट असतील आणि प्रत्येकापाशी वीस मीटर तार गुंडाळलेली असेल, तर साठ मीटर वजा करावे लागतील. म्हणजे तूट कचेरीपासून १,२८० मीटरवर शोधावी लागेल. कोणत्या जॉइंटपाशी किती तार राखली आहे हे जर कोठेच लिहिलेले नसेल, तर हजारो रुपयांचे उपकरण हाती असूनही माणसे अंदाजाने खांब चढत राहतात.

दुसरे उदाहरण त्याहून सोपे आहे. एकाच घराचे इंटरनेट गेले तर दोष त्या घराच्या तारेत किंवा डब्यात असण्याचा संभव अधिक. एकाच स्प्लिटरवरील आठही घरे एकदम बंद पडली तर दोष त्या स्प्लिटरमध्ये किंवा त्याच्या मागे. ओएलटीच्या पोर्टावरील सगळीच घरे गेली तर दोष त्याहूनही मागे. हे अनुमान तर्कशास्त्राच्या पुस्तकातील उदाहरणाइतके सरळ आहे, परंतु कोणती आठ घरे एका स्प्लिटरवर आहेत हे ठाऊक असल्याखेरीज ते करताच येत नाही.

आमच्या कचेरीत हे सारे एका ज्येष्ठ लाइनमनच्या डोक्यात आहे. आम्ही त्यांना काका म्हणतो. केबलच्या दिवसांपासून ते खांबांवर चढत आले आहेत. गेल्या पावसाळ्यात ते तापाने आजारी असताना एका वस्तीची तार तुटली. दोन तरुण लाइनमन दीड दिवस शोधत होते. शेवटी काकांनी अंथरुणावरून फोनवर सांगितले, “शाळेमागच्या डब्यात हिरवा कोर पुढे तपकिरीला मारलाय, तो बघा.” दहा मिनिटांत दोष सापडला. त्या दीड दिवसात शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपत आलेल्या मुलांचे फोन मीच घेत होते. त्यांतील काही आपल्याच महाविद्यालयातील होती. जाळ्याची नोंद ही केवळ धंद्याची सोय नव्हे, हे मला त्या दिवशी कळले.

३. नकाशा, सातबारा आणि फेरफार

सॉफ्टवेअरकडे वळण्यापूर्वी नोंद कशी असावी हे ठरविले पाहिजे. त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. महाराष्ट्रातील जमिनीच्या दप्तरात याचा उत्तम नमुना आहे. जमीन कोठे आहे आणि तिच्या हद्दी कशा आहेत हे गट नकाशा सांगतो. ती कोणाच्या नावे आहे, किती आहे, तीवर कोणाचे हक्क आहेत आणि पीक कोणते हे सातबारा, म्हणजे गाव नमुना सात व बारा सांगतो. काय, केव्हा व कशामुळे बदलले हे फेरफार, म्हणजे गाव नमुना सहा सांगतो. या तिन्ही कागदांना बांधणारा धागा म्हणजे गट क्रमांक. माझ्या वडिलांचे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे, पण आमचा गट क्रमांक ते झोपेतही सांगतील.

जाळ्याच्या दप्तराचेही असेच तीन भाग पडतात. खांब, जॉइंट, स्प्लिटर व तारांचे मार्ग हा झाला नकाशा. यंत्रे, पोर्ट, कोरांच्या जोडण्या व आकडी पत्ते हा झाला सातबारा. कोणी, कोणत्या तारखेला, काय बदलले हा झाला फेरफार. आणि प्रत्येक जॉइंटला व स्प्लिटरला एकच क्रमांक हवा. तो डब्यावर रंगाने लिहिलेला हवा, नकाशात हवा आणि तक्त्यातही हवा. हा क्रमांक नसेल तर कितीही चांगले सॉफ्टवेअर घेतले तरी नकाशा एकीकडे आणि तक्ता दुसरीकडे अशी अवस्था होते.

४. उपलब्ध साधने

(अ) वही व एक्सेल : बहुतेक ठिकाणी प्रारंभ येथूनच होतो आणि त्यात गैर काही नाही. वही खांबावर नेता येते. एक्सेल सर्वांना थोडेफार येते. परंतु एक्सेलचे दोन दोष ध्यानात ठेवले पाहिजेत. एक म्हणजे ते न विचारता अर्थ लावते. ‘३/१२’ असा पोर्ट क्रमांक लिहिला की ते त्याची तारीख करून टाकते. हा दोष इतका त्रासदायक आहे की, मानवी जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० साली काही जनुकांची नावेच बदलली, कारण ‘मार्च १’सारख्या नावांची एक्सेल तारीख करीत असे. दुसरा दोष असा की, एकाच फाइलीच्या चार जणांकडे चार प्रती होतात आणि खरी कोणती हे कोणीच सांगू शकत नाही. हस्तलिखितांच्या पाठभेदांचा अभ्यास करणाऱ्यांना ही अडचण नवी नाही.

(आ) पीएचपीआयपॅम : हे विनामूल्य सॉफ्टवेअर मुख्यतः आकडी पत्त्यांच्या हिशेबासाठी आहे. पत्त्यांचे गट, पोटगट, त्यांतील वापरलेले व रिकामे पत्ते ते स्वच्छ दाखविते. कोणते पत्ते प्रत्यक्ष जागे आहेत हे जाळ्यावर तपासण्याचीही सोय त्यात आहे. बसविण्यास व शिकण्यास ते तुलनेने सोपे आहे. काचेच्या तारांच्या नोंदीसाठी मात्र ते पुरे पडत नाही.

(इ) नेटबॉक्स : जेरेमी स्ट्रेच या अभियंत्याने डिजिटलओशन या अमेरिकन कंपनीत असताना हे घडविले आणि २०१६ साली ते सर्वांसाठी खुले झाले. यात पत्ते, यंत्रे, पोर्ट आणि जोडण्या यांची एकमेकांशी सांगड घातलेली असते. एका पोर्टावर बोट ठेवले की तेथून निघालेली तार कोठकोठून जाते तो सारा मार्ग समोर येतो. प्रत्येक बदल कोणी केला, केव्हा केला, आधी काय होते आणि नंतर काय झाले, हे ते आपोआप लिहून ठेवते. म्हणजे फेरफाराची वही त्यातच आहे. त्याची मर्यादा अशी की, ते मुळात यंत्रांच्या खोल्या डोळ्यांपुढे ठेवून घडविलेले आहे. गल्लीतील खांब, तारांची वळणे आणि एकाचे आठ करणारे स्प्लिटर त्यात बसविताना ओढाताण होते. शिवाय ते लिनक्सवर बसवावे लागते, त्यासाठी जाणकार माणूस लागतो.

(ई) क्यूजीआयएस : नकाशे तयार करण्याचे हे विनामूल्य सॉफ्टवेअर आहे. त्याचा आरंभ २००२ साली गॅरी शर्मन यांनी केला. प्रत्येक खांब हा एक बिंदू, प्रत्येक तार ही एक रेषा, आणि प्रत्येकामागे हवी तेवढी माहिती, अशी त्याची रीत आहे. त्याच्या जोडीला ‘क्यूफील्ड’ नावाचे मोबाइलवर चालणारे साधन आहे. ते इंटरनेट नसतानाही चालते. त्यामुळे लाइनमन खांबाखाली उभा राहून तेथेच बिंदू टाकू शकतो आणि उघड्या डब्याचा फोटो जोडू शकतो. आकडी पत्त्यांचा हिशेब मात्र क्यूजीआयएसचा प्रांत नव्हे.

(उ) लिब्रेएनएमएस : याचा उल्लेख एका गैरसमजासाठी करावयाचा. हे जाळ्यावर पहारा ठेवणारे सॉफ्टवेअर आहे. कोणते यंत्र चालू, कोणते बंद, किती भार आला, हे ते सांगते. ‘आता काय आहे’ हे पहारेकरी सांगतो, ‘काय असावयास हवे’ हे दप्तर सांगते. दोन्ही कामे वेगळी आहेत. त्याचप्रमाणे कोणता पत्ता कोणत्या वेळी कोणाकडे होता ही रोजनिशीही वेगळी. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत अशा संगणकीय नोंदी १८० दिवस जतन करण्यास सांगितले आहे. ते काम नेटबॉक्सवर किंवा एक्सेलवर सोपवून चालणार नाही.

५. निवडीच्या कसोट्या

सॉफ्टवेअरची निवड बहुधा त्याच्या गुणांची यादी पाहून केली जाते. माझ्या मते प्रारंभ प्रश्नांपासून करावा. दोष आला असता कचेरीत जे प्रश्न विचारले जातात ते आधी लिहून काढावेत. हे घर कोणत्या स्प्लिटरवर आहे? त्या स्प्लिटरला कोणता कोर येतो? तो कोर ओएलटीच्या कोणत्या पोर्टातून निघतो? वाटेत कोणकोणते डबे आहेत? या जॉइंटला शेवटचा हात कोणी लावला? ज्या सॉफ्टवेअरमध्ये या प्रश्नांची उत्तरे दोन मिनिटांत मिळतात ते आपल्या कामाचे. त्यानंतर पुढील चार कसोट्या लावाव्यात.

पहिली कसोटी : ज्याने काम केले त्यालाच नोंद करता येते का? लाइनमनने तोंडी सांगावे आणि रात्री दुसऱ्याने लिहावे, या रीतीत नोंद ऐकीव होते.

दुसरी कसोटी : जाळे बंद असताना दप्तर उघडते का? ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकची सेवा सुमारे सहा तास बंद पडली. तेव्हा दुरुस्तीसाठी लागणारी त्यांची आतील साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्याने निकामी झाली होती. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर आपण दप्तर केवळ इंटरनेटपलीकडे ठेवणे धोक्याचे आहे. कचेरीतील संगणकावर त्याची प्रत हवी आणि मुख्य मार्गांचा छापील नकाशा भिंतीवर हवा.

तिसरी कसोटी : आपली माहिती आपल्याला परत घेता येते का? आज निवडलेले सॉफ्टवेअर दहा वर्षांनी असेलच असे नाही. सारे तक्ते साध्या स्वरूपात बाहेर काढता आले पाहिजेत. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत हा प्रश्न पैसे देण्यापूर्वी विचारावा.

चौथी कसोटी : नको ती माहिती नको त्याच्या हाती जाते का? नकाशा प्रत्येकाच्या मोबाइलवर जाणार असेल तर त्यात ग्राहकाचे नाव व फोन असण्याचे कारण नाही, ग्राहक क्रमांक पुरतो. यंत्रांचे पासवर्ड तर या दप्तरात मुळीच लिहू नयेत.

६. लिहिणाऱ्याचा प्रश्न

येथवरचे विवेचन सॉफ्टवेअरचे झाले. परंतु खरी अडचण निराळीच आहे. मालकांच्या संमतीने मी काकांकडे जॉइंटांची माहिती विचारावयास गेले, तेव्हा ते म्हणाले, “ताई, हे सगळं तुमच्या संगणकात गेलं की मग मला कोण विचारणार?”

या प्रश्नाला हसण्यावारी नेणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. ज्याच्या हाती पदवी नाही, जमीन नाही, त्याची मिळकत म्हणजे त्याला ठाऊक असलेल्या गोष्टी. काकांना वीस वर्षांत कोणी नेमणुकीचा कागद दिला नाही. गावातील प्रत्येक डब्यात काय आहे हे त्यांना ठाऊक आहे, हाच त्यांचा नेमणुकीचा कागद. तो आपण मागतो आणि बदल्यात काय देतो, हे सांगत नाही. मग माहिती अर्धवट मिळाली तर नवल कसले? माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे पुस्तकाबाहेर किती ज्ञान असते आणि ते कागदावर आले की त्याच्या धन्याचे नाव किती सहज गळून पडते, हे मला परके नाही.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना मी एका रकान्याला सर्वांत जास्त महत्त्व देईन. तो रकाना म्हणजे नोंद करणाऱ्याचे नाव. नेटबॉक्समध्ये ते आपोआप नोंदले जाते, क्यूजीआयएसमध्ये त्यासाठी रकाना करून ठेवावा लागतो. परंतु नुसता रकाना पुरेसा नाही. नोंद करणे हे खांबावर चढण्याइतकेच काम आहे असे मालकाने मानले पाहिजे आणि त्या वेळेचा मोबदला दिला पाहिजे. ज्याच्या नावे सर्वाधिक नोंदी आहेत तोच नव्या मुलांचा शिक्षक, असे ठरले तर माहिती सांगणाऱ्याची किंमत कमी न होता वाढेल. हे मी मालकांना सांगितले. प्रत्येक दुरुस्तीमागे नोंदीसाठी वेगळे पैसे देण्याचे त्यांनी मान्य केले आहे. काकांनी आतापर्यंत अकरा डब्यांची माहिती दिली आहे. बाकीच्यांबद्दल ते म्हणतात, “बघू पुढं.” त्यांचे हे थांबून पाहणे मला चूक वाटत नाही.

७. निष्कर्ष

पाच-सहाशे घरांच्या पुरवठादारासाठी माझी शिफारस थोडक्यात अशी आहे. सर्व जॉइंट व स्प्लिटरांना आधी क्रमांक द्यावेत व ते डब्यांवर रंगवावेत. या कामाला कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही आणि हे झाल्याशिवाय कोणतेही सॉफ्टवेअर उपयोगी पडत नाही. बाहेरच्या तारांसाठी क्यूजीआयएस व मोबाइलवर क्यूफील्ड वापरावे, कारण तेथे लिहिणारा स्वतः लाइनमन असतो. कचेरीतील यंत्रे, पोर्ट व पत्ते यांसाठी जाणकार माणूस मिळत असेल तर नेटबॉक्स आणि मिळत नसेल तर पीएचपीआयपॅम घ्यावे. दोहोंत तोच क्रमांक वापरावा. जुने सारे जाळे एकदम लिहून काढण्याचा अट्टाहास करू नये. ज्या डब्याचे झाकण दुरुस्तीसाठी उघडले त्याची नोंद त्याच दिवशी करावी, आणि नोंद झाल्याखेरीज तक्रार मिटली असे लिहू नये.

सॉफ्टवेअर बदलेल, यंत्रेही बदलतील. क्रमांक, तारीख आणि काम करणाऱ्याचे नाव या तीन गोष्टी जर दप्तरात नीट उतरल्या, तर एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाणे हे काही दिवसांचे काम आहे. त्या उतरल्या नाहीत, तर अत्यंत महाग सॉफ्टवेअरसुद्धा रिकाम्या सातबाऱ्यासारखे राहील. तेव्हा लहान पुरवठादारांनी सॉफ्टवेअरची किंमत विचारण्याआधी आपल्या लाइनमनला काय देणार हे ठरवावे, एवढेच नम्रपणे सुचवावेसे वाटते.